पुण्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रमुखांना खुले पत्र: मागितलेली नोंद कोणाची आहे, हे आधी तपासा

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील लहान व मध्यम सॉफ्टवेअर कंपन्यांचे संचालक, तांत्रिक प्रमुख आणि प्रकल्प व्यवस्थापक यांस,

विषय: ॲपमागील एपीआयमध्ये (ॲपच्या मागण्या घेऊन त्यांना उत्तर देणाऱ्या सर्व्हरवरच्या व्यवस्थेत) प्रत्येक विनंतीच्या वेळी नोंदीची मालकी तपासण्याबाबत.

स. न. वि. वि.

हिंजवडी किंवा खराडीतल्या मोठ्या कंपन्यांकडे सुरक्षेसाठी स्वतंत्र विभाग असतात, त्यांना बाहेरच्या देशांतल्या ग्राहकांचे कडक करार पाळावे लागतात आणि त्यांच्या कामाची तपासणीही वारंवार होते. हे पत्र मुख्यतः आपल्यासाठी आहे. बाणेर, कोथरूड, सिंहगड रस्ता, विमाननगर अशा भागांत एखाद्या मजल्यावर आपले कार्यालय असते, पंधरा-वीसपासून शंभर-दीडशेपर्यंत माणसे असतात, आणि या शहरातल्या पतसंस्थांची ॲप, रक्ततपासणी प्रयोगशाळांची अहवाल पाहण्याची संकेतस्थळे, शाळांची शुल्कभरणा व्यवस्था, क्लासेसचे निकाल आणि गृहनिर्माण संस्थांच्या देखभाल खर्चाचे हिशेब हे सगळे बहुतांशी आपणच उभे करता. अशाच सॉफ्टवेअरची सुरक्षा-चाचणी करण्याचे काम मी पुण्यात करतो, अर्थातच मालकाची लेखी परवानगी घेऊन आणि ठरलेल्या मर्यादेत राहून. या कामात एक दोष मला इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या कामात आढळला आहे, की तो एखाद्या प्रोग्रॅमरच्या हलगर्जीपणातून येतो असे मानणे मला आता शक्य नाही. आपण काम कसे ठरवतो, कसे लिहून घेतो आणि कसे तपासतो, यातून तो येतो. या तिन्ही गोष्टींवर निर्णय आपण घेता, म्हणून हे पत्र प्रोग्रॅमरांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

दोष समजायला सोपा आहे. ग्राहक ॲपमध्ये लॉगिन करतो, सर्व्हर त्याला एक टोकन, म्हणजे ओळख पटल्याची डिजिटल खूण, देतो, आणि तेथून पुढे ॲप दर वेळी ते टोकन दाखवून एपीआयकडे काही ना काही मागत राहते: अमुक क्रमांकाचा अहवाल, तमुक क्रमांकाचे खाते, फलाण्या क्रमांकाची पावती. टोकन खरे आहे का आणि मुदतीत आहे का, एवढे सर्व्हर पाहतो आणि मागितलेली नोंद काढून देतो. ती नोंद टोकन ज्याचे आहे त्याचीच आहे का, हे मात्र तो पाहत नाही. ॲपच्या पडद्यावर ग्राहकाला स्वतःच्याच नोंदींची यादी दिसते, त्यामुळे रोजच्या वापरात ही उणीव कोणाच्याच नजरेस येत नाही. परंतु ॲप आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण पाहण्यासाठी, त्यातला एक आकडा बदलून तीच विनंती पुन्हा पाठवण्यासाठी लागणारी साधने मोफत मिळतात, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी ती एका संध्याकाळी शिकू शकतो. क्रमांक ओळीने दिलेले असतील, तर दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहून पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या नोंदी उतरवून घेता येतात.

असे घडल्याची उदाहरणे जगभर आहेत आणि आपल्याकडेही आहेत. मार्च २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या भारतातील घरपोच सेवेच्या ॲपमागील एपीआयमधून सुमारे २२ लाख ग्राहकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक कोणालाही मिळू शकत होते, हे उघड झाले. त्या एपीआयला संरक्षण नव्हते आणि ग्राहक क्रमांक एकापुढे एक असे ओळीने वाढत जाणारे होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या कंपनीच्या संकेतस्थळावर दुव्यातला आकडा बदलला, की दुसऱ्याचे मालमत्ता व्यवहाराचे कागद उघडत होते. अशा रीतीने उघडी राहिलेली कागदपत्रे ८८ कोटी ५० लाख होती, आणि त्यांत बँक खात्यांचे तपशीलही होते. सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने एपीआयच्या दहा प्रमुख धोक्यांची स्वतंत्र यादी २०१९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हा हाच दोष पहिल्या क्रमांकावर होता. २०२३ मध्ये यादी सुधारली गेली, तेव्हाही तो तेथेच राहिला.

हा दोष इतका टिकून का राहतो, याचा मी बराच विचार केला आहे. एखाद्या सहकारी बँकेत पूर्वी खिडकीपाशी गेलेल्या खातेदाराने दुसऱ्याच कोणाचा खातेक्रमांक सांगून शिल्लक विचारली असती, तर पलीकडच्या कारकुनाने मान वर करून ‘हे खाते तुमचे आहे का?’ असे विचारल्याशिवाय खतावणी उघडली नसती. हा नियम त्याला कोणी लेखी दिलेला नव्हता. तो कामाच्या रीतीतच होता. ते काम सॉफ्टवेअरकडे आले तेव्हा बँकेच्या माणसांनी आपल्याला पडदे कसे हवेत, अहवाल कोणते हवेत, व्याजाचा हिशेब कसा करायचा, हे सगळे सांगितले, आपण ते मागणीपत्रात उतरवून घेतले, आणि कारकून न सांगता जे करत होता ते कोणीच लिहिले नाही. मागणीपत्रात नाही म्हणून ते अंदाजपत्रकात नाही, अंदाजपत्रकात नाही म्हणून त्याला वेळ नाही, आणि चाचणी तर मागणीपत्राला धरूनच होते. प्रोग्रॅमरने नेमून दिलेले काम चोख केले, तपासणाऱ्याने प्रत्येक पडदा उघडून पाहिला, ग्राहकाने सही केली, आणि तरीही कोणाचीही नोंद कोणालाही देणारी व्यवस्था सुरू झाली.

येथे आपण लॉगिनवर जितका भरवसा ठेवतो, तितका ठेवता येत नाही. लॉगिनची सोय आजकाल कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर बांधण्याच्या तयार सांगाड्यात, मिळते. एका ठिकाणी नियम लावला की सगळ्या एंडपॉइंटना, म्हणजे एपीआयच्या वेगवेगळ्या मागण्यांच्या पत्त्यांना, तो लागू होतो, आणि काम झाले असे वाटते. मालकीचे तसे नसते. कोणती नोंद कोणी पाहावी, हे त्या संस्थेच्या व्यवहारावर ठरते. पतसंस्थेत अज्ञान मुलाचे खाते पालक पाहू शकतात, पण मूल सज्ञान झाल्यावर? जामीनदाराला कर्जाची थकबाकी कळावी, पण कर्जदाराच्या बचत खात्याची शिल्लक कळावी का? शाखा व्यवस्थापकाला स्वतःच्या शाखेपुरते दिसावे की सगळ्या शाखांचे? रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला अहवाल किती काळ उघडता यावा? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही तयार लायब्ररीत सापडणार नाहीत. ती ग्राहकाला विचारूनच मिळतात, आणि ती विचारणे हे आपले काम आहे, कारण ती विचारायला हवीत हे प्रयोगशाळेच्या डॉक्टरांना किंवा पतसंस्थेच्या सचिवांना ठाऊक नसते.

पेलोटन या अमेरिकन व्यायामयंत्र कंपनीच्या बाबतीत २०२१ मध्ये जे घडले, त्यात हा फरक स्पष्ट दिसतो. तिच्या एपीआयकडून वापरकर्त्यांची खासगी माहिती लॉगिनशिवायही मिळत होती. हे कळवल्यावर कंपनीने आधी केलेली दुरुस्ती अशी होती, की माहिती मिळवण्यासाठी लॉगिन आवश्यक झाले. पण खाते कोणालाही काढता येत होते, त्यामुळे खाते काढणाऱ्या कोणालाही इतरांची खासगी माहिती पाहता येतच राहिली. आपल्याकडेही दोष दाखवून दिला की पहिली प्रतिक्रिया हीच असते.

मला स्वतःला याचा अनुभव एका प्रयोगशाळेच्या बाबतीत आला. माझ्या आणि आईच्या रक्ताची तपासणी एकाच सकाळी झाली होती, आणि अहवाल पाहण्यासाठी आलेल्या दुव्यांत आमच्या क्रमांकांमध्ये एकाचाच फरक होता. आईला विचारून, माझ्याच लॉगिनमध्ये राहून मी तिचा क्रमांक टाकला आणि तिचा अहवाल माझ्यासमोर उघडला. तेथेच थांबून मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना जाऊन भेटलो. ते डॉक्टर सज्जन गृहस्थ होते; त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्यासमोरच सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडून सांगण्यात आले, की लॉगिनशिवाय काहीही दिसत नाही, व्यवस्था सुरक्षित आहे. डॉक्टरांसमोर आता दोन परस्परविरोधी विधाने होती आणि त्यांतले खरे कोणते हे पडताळण्याचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते. पुढे पाठपुरावा केल्यावर दुरुस्ती झाली, ती अशी की साध्या क्रमांकाच्या जागी लांबलचक यादृच्छिक ओळखचिन्ह आले. मालकीची तपासणी आलीच नाही.

अशा ओळखचिन्हांबद्दल येथे स्पष्ट लिहायला हवे, कारण ती पुरेशी असल्याचा समज फार पसरलेला आहे. यूयूआयडी, म्हणजे अशी लांब यादृच्छिक ओळखचिन्हे, वापरल्याने क्रमांक ओळीने मोजत जाणे अशक्य होते, हा निश्चितच फायदा आहे, आणि ती वापरावीतही. परंतु ओळखचिन्ह हे गुपित नसते. ते दुव्यात असते, ब्राउझरच्या इतिहासात राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, उतरते, दुसऱ्या एखाद्या एपीआयच्या उत्तरात सहज येऊन जाते, आणि आपल्याकडे तर अहवालाचा दुवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहात पाठवण्याची पद्धतच आहे. ज्याच्या हाती ते पडेल त्याला आत घेणारी व्यवस्था आणि मालकी तपासणारी व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासणी कशी करावी, याबद्दल तांत्रिक प्रमुखांनी एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. मागणारा कोण, हे सर्व्हरने नेहमी पडताळलेल्या टोकनमधून घ्यावे. विनंतीच्या मजकुरात ॲपने पाठवलेला ग्राहक क्रमांक त्यासाठी कधीही वापरू नये. डेटाबेसला प्रश्न विचारतानाच ‘या क्रमांकाची नोंद’ असे न विचारता ‘या ग्राहकाची, या क्रमांकाची नोंद’ असे विचारावे, म्हणजे दुसऱ्याची नोंद मुळात हातीच येत नाही. ज्या नियमांत पालक, शाखा, डॉक्टर अशी नाती येतात ते नियम एका ठिकाणी लिहून सगळ्या एंडपॉइंटनी तेथेच विचारणा करावी. प्रत्येक प्रोग्रॅमरने आपापल्या फाइलीत ते पुन्हा लिहिले, की कोठेतरी एक सुटतोच. मग चाचणीसाठी दोन खाती काढावीत. पहिल्या खात्याच्या टोकनने दुसऱ्या खात्याची प्रत्येक नोंद मागावी, बदलून पाहावी, खोडून पाहावी, आणि दर वेळी नकार मिळालाच पाहिजे अशी अट घालून ही चाचणी प्रत्येक रिलीजपूर्वी, म्हणजे नवी आवृत्ती देण्यापूर्वी, आपोआप चालेल अशी बांधून ठेवावी. वाचण्याइतकीच बदलण्याची आणि खोडण्याची चाचणी महत्त्वाची आहे; वाचताना मालकी तपासणारे पण बदलताना विसरणारे एपीआय मी पाहिले आहेत. या चाचणीसाठी महागडे साधन लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो अंदाजपत्रकात आपण धरला तरच मिळतो.

याला लागूनच आणखी एक खबरदारी येते. नोंद योग्य माणसालाच दिली, पण त्यात काय काय दिले? गृहनिर्माण संस्थेच्या ॲपमध्ये शेजाऱ्यांच्या यादीत पडद्यावर नाव आणि सदनिका क्रमांक एवढेच दिसते, पण एपीआयच्या उत्तरात दूरध्वनी, जन्मतारीख, वाहन क्रमांक, भाडेकराराची मुदत असे सगळे आलेले असते आणि ॲप ते फक्त लपवते. पडद्यावर लपवलेली माहिती दिलेलीच असते. उलट दिशेनेही हेच होते: स्वतःचा पत्ता बदलण्याच्या विनंतीत कोणी आपली भूमिका ‘प्रशासक’ अशी जोडून पाठवली आणि सर्व्हरने आलेली सगळी माहिती जशीच्या तशी डेटाबेसमध्ये भरली, तर तो खरोखरच प्रशासक होतो. रकमेबाबतही तेच: भरायची रक्कम सर्व्हरने स्वतः ठरवावी, आणि पैसे मिळाल्याचा पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचा) निरोप आल्यावर त्यावरची डिजिटल सही सर्व्हरवर पडताळून, रक्कम मूळ मागणीशी जुळवून मगच पावती द्यावी. फोनकडून आलेल्या आकड्यावर विसंबून राहू नये.

ओटीपीचा विषय मात्र थोडा विस्ताराने मांडतो, कारण मालकीची सगळी तपासणी टोकनवर उभी असते आणि आपल्याकडे टोकन बहुधा ओटीपीवरच मिळते. चार अंकी ओटीपीच्या शक्यता दहा हजार असतात. प्रयत्नांवर बंधन नसलेला सर्व्हर सेकंदाला शंभर विनंत्या घेऊ शकत असेल, तर शंभर सेकंदांत त्या सगळ्या करून होतात. सहा अंकी ओटीपीला त्याच वेगाने पावणेतीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून तो बरा, पण बंधनाशिवाय तोही पुरत नाही. बंधन घालताना ते बहुतेक जण विनंती ज्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) आली त्या पत्त्यावर घालतात, आणि ते अपुरे ठरते. २०१९ मध्ये भारतातल्याच एका संशोधकाने इन्स्टाग्रामच्या पासवर्ड बदलण्याच्या सहा अंकी संकेताबाबत हे दाखवून दिले होते: संकेताची मुदत १० मिनिटांची होती, आणि त्याने १,००० वेगवेगळ्या पत्त्यांवरून सुमारे २ लाख प्रयत्न न अडता पाठवून दाखवले. कंपनीने त्याला ३०,००० डॉलरचे बक्षीस दिले आणि दोष दुरुस्त केला. म्हणून मोजणी त्या खात्यावर आणि त्या ओटीपीवर ठेवावी. चार-पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर तो ओटीपी रद्दच करावा, पत्ता कोणताही असो. ओटीपी पाठवण्याच्या एंडपॉइंटलाही मर्यादा हवी, कारण तो उघडा असेल तर कोणीही रात्रभर हजारो संदेश पाठवायला लावू शकतो, एसएमएसचे बिल आपल्या ग्राहकाला येते आणि झोपमोड अनोळखी नागरिकांची होते. ओटीपी एपीआयच्या उत्तरातच परत पाठवला जातो आणि ॲप तो टाकलेल्या आकड्याशी ताडून पाहते, असेही काही ठिकाणी असते. अशा ठिकाणी एसएमएस जातो खरा, पण फोन हातात असण्याची गरजच उरत नाही.

मर्यादा केवळ लॉगिनपुरती नसावी. ‘हा दूरध्वनी क्रमांक आमच्याकडे नोंदलेला आहे का’ असे सांगणारा निरुपद्रवी वाटणारा एंडपॉइंटही यादी काढण्यासाठी वापरता येतो. ट्विटरच्या अशाच एका दोषातून सुमारे ५४ लाख खात्यांची माहिती गोळा झाल्याचे २०२२ मध्ये समोर आले. एका विनंतीत किती नोंदी मागता येतील यालाही सर्व्हरवर कमाल मर्यादा असावी.

जुन्या एपीआयचे काय होते, हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस या दूरसंचार कंपनीला सप्टेंबर २०२२ मध्ये फार महागात पडले. तेथल्या नियामकाने न्यायालयात मांडल्याप्रमाणे, प्रवेश तपासणाऱ्या कोडमध्ये २०१८ साली चूक शिरली होती. मुख्य संकेतस्थळावर ती २०२१ मध्ये दुरुस्त झाली, पण वापरात नसलेल्या दुसऱ्या एका डोमेनवर तीच चूक तशीच राहिली आणि हल्लेखोर तेथून आत आला. ९५ लाखांहून अधिक ग्राहकांच्या माहितीचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यातल्या अनेकांचे पारपत्र व वाहन परवान्याचे क्रमांकही गेले. आपल्याकडे जुनी ॲप वापरणारे ज्येष्ठ नागरिक अडू नयेत म्हणून एपीआयची जुनी आवृत्ती चालू ठेवली जाते, त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण नवी तपासणी तेथे कोणी लावत नाही. चाचणीच्या सर्व्हरवर खऱ्या ग्राहकांच्या माहितीची प्रत टाकून तो सर्वांसाठी उघडा ठेवणे, ही याचीच दुसरी बाजू. आपण आजवर चालू केलेल्या प्रत्येक एपीआयची, आवृत्तीची आणि सर्व्हरची एक यादी असावी, तिच्यातल्या प्रत्येकाला एक जबाबदार माणूस असावा, आणि ज्याला माणूस सापडत नाही तो बंद करावा.

आता एक आक्षेप, जो मला बहुतेक बैठकांत ऐकायला मिळतो: ‘आम्ही घातक विनंत्या गाळणारी फायरवॉल घेतली आहे, ॲपचा कोड कोणाला वाचता येऊ नये म्हणून गोंधळवून ठेवला आहे, ॲपने फक्त आमच्याच सर्व्हरशी बोलावे म्हणून सर्टिफिकेट पिनिंग केले आहे.’ या तिन्ही गोष्टी कराव्यात. पण फोन हल्लेखोराच्या हातात असतो आणि त्यावरचे ॲप तो सुटे करून पाहू शकतो, त्यामुळे ॲपमध्ये लपवलेली किल्ली किंवा ॲपमध्ये केलेली तपासणी त्याला फार तर काही तास अडवते. फायरवॉल तर या दोषासमोर जवळजवळ निरुपयोगी असते, कारण दुसऱ्याचा अहवाल मागणारी विनंती दिसायला अगदी नियमित असते: टोकन खरे, पत्ता बरोबर, क्रमांकही अस्तित्वात असलेला. तो क्रमांक कोणाचा, हे फायरवॉलला कळण्याचा मार्ग नाही. ते फक्त आपल्या कोडला कळू शकते.

नजर ठेवण्याच्या बाबतीत एकच आग्रह आहे. लॉगमध्ये कोणत्या खात्याने कोणाची नोंद मागितली हे दोन्ही लिहून ठेवावे, आणि एकाच खात्याने तासाभरात शेकडो वेगवेगळ्या लोकांच्या नोंदी मागितल्या, तर कोणाला तरी तातडीने कळावे. टी-मोबाइल या अमेरिकन कंपनीच्या एका एपीआयमधून सुमारे ३ कोटी ७० लाख खात्यांची माहिती काढली गेली. ही चोरी नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस सुरू झाली आणि कंपनीला ५ जानेवारी २०२३ रोजी कळले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. ज्या लॉगमध्ये कोणाची नोंद गेली हेच लिहिलेले नाही, तो १८० दिवस जपून उपयोग काय? टोकन आणि ओटीपी मात्र लॉगमध्ये कधीही उतरू देऊ नयेत.

पुण्याला या विषयाचे गांभीर्य नव्याने सांगावे लागू नये. गणेशखिंड रस्त्यावरच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले, आणि त्यांतली मोठी रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढली गेली. तो एपीआयमधल्या दोषाचा हल्ला नव्हता; घातक सॉफ्टवेअर वापरून बँकेच्या मूळ यंत्रणेला वगळले गेले आणि पैसे देण्याची परवानगी बनावट यंत्रणेने दिली. तरीही त्यातला एक धागा आपल्या विषयाचा आहे: खात्यात पैसे आहेत का, कार्ड खरे आहे का, हा प्रश्न जेथे विचारला जायचा तेथे तो विचारलाच गेला नाही.

आणि जबाबदारी कोणावर येते, हेही आपण लक्षात घ्यावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि ती जबाबदारी माहिती ज्याच्या कामासाठी गोळा केली त्याच्यावर, म्हणजे प्रयोगशाळेवर, शाळेवर, पतसंस्थेवर येते, प्रत्यक्ष काम आपल्यासारख्या कंपनीने केलेले असले तरीही. ज्या डॉक्टरांचा उल्लेख मी वर केला, त्यांना कोड वाचता येत नाही. त्यांनी आपल्या शब्दावर विश्वास ठेवला आहे. करारात आपण सुरक्षित मार्गाने सुटू शकू कदाचित, पण त्या विश्वासाचे काय, हा प्रश्न आपण कराराच्या बाहेर ठेवू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोष बाहेरच्या कोणाला आढळला तर तो सांगायचा कोणाला, याचीही सोय हवी. अमेरिकेच्या टपाल खात्याच्या एका एपीआयमध्ये, लॉगिन केलेल्या कोणालाही सुमारे ६ कोटी वापरकर्त्यांपैकी इतरांचे तपशील पाहता येत होते. एका संशोधकाने ते कळवले होते. दुरुस्ती मात्र वर्षभराने, नोव्हेंबर २०१८ मध्ये एका पत्रकाराने विचारणा केल्यावर झाली. आपल्या संकेतस्थळावर सुरक्षाविषयक सूचनांसाठी एक ईमेल पत्ता द्यावा, तो ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ या ठरलेल्या फाइलीतही नोंदवावा, आणि तेथे आलेले पत्र विक्री विभागाकडे न जाता तांत्रिक प्रमुखांकडे जावे. सद्भावनेने कळवणाऱ्याला वकिलाची नोटीस पाठवू नये.

आपल्याकडून मला प्रत्यक्षात हवे आहे ते एवढेच. पुढच्या प्रत्येक प्रस्तावात ‘कोणती नोंद कोण पाहू, बदलू, खोडू शकतो’ असा एक तक्ता असावा, ग्राहकासोबत बसून भरलेला आणि त्याच्या सहीचा. त्यासाठी आणि दोन खात्यांच्या चाचणीसाठी लागणारे दिवस अंदाजपत्रकात वेगळे दाखवलेले असावेत, आणि किंमत कमी करताना ती ओळ कापली जाऊ नये. चालू असलेल्या कामांपैकी ज्या ॲपमध्ये आरोग्याची, पैशांची किंवा लहान मुलांची माहिती आहे, त्यांची दोन खात्यांची चाचणी येत्या महिन्याभरात करून घ्यावी. ज्यांना ती कशी करावी हे दाखवून हवे असेल, त्यांच्या कार्यालयात येऊन आपल्या माणसांसोबत बसायला मी तयार आहे, आणि त्यासाठी शुल्क घेणार नाही. या पत्राच्या उत्तरादाखल कळवलेत, की दिवस ठरवू.

कळावे,

आपला विश्वासू,
एपीआयची सुरक्षा-चाचणी करणारा एक अभियंता,
पुणे